शोभाबाईचं दिल्लीचं वर्ष

शोभाचा नवरा गुणवंता सोमकुवर काविळीनं गेला, आणि महिनाभरानं दिल्लीची माणसं तिगावात आली. ती येणार हे आधीच ठरलेलं होतं, पण शोभा साफ विसरली होती. दारात जीप थांबली तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत होती, आणि निवडलेले तांदूळ पुन्हा न निवडलेल्यांत मिसळत होती. तिच्या नणंदेनं, मालतीबाईनं, ते पाहिलं आणि सूप तिच्या हातून काढून घेतलं.

"पाहुणे आले, शोभा. तोंड धुऊन घे."

"कोणते पाहुणे, अक्काजी?"

"गुणवंतानं बोलावलेले."

ते खरं होतं. पांढुर्ण्याचे वसंतराव वकील गुणवंता-शोभाच्या संघटनेची कामं फुकट पाहायचे. त्यांनीच ती बातमी आणली होती. दिल्लीतली एक संस्था फेलोशिप देऊन राहिली आहे, म्हणाले. विषमतेविरुद्ध दहा-पंधरा वर्षं काम केलेली, चाळिशीच्या आसपासची माणसं निवडायची. वर्षभर त्यांच्या घरखर्चाची सोय करायची, त्यांना शिकू द्यायचं, हिंडू द्यायचं, देशभरच्या कामांशी ओळख करून द्यायची, म्हणजे ती ताजी होऊन पुढची वीस वर्षं टिकतील. पण एका कामातून एकच माणूस. सगळ्यांना वाटलं गुणवंता आपलं नाव देईल. त्यानं शोभाचं दिलं. "मी बोलतो म्हणून लोक मले ओळखतात," तो वकिलांना म्हणाला, "काम हिचं आहे." मग उन्हाळा लागला, त्याचे डोळे पिवळे झाले, आणि दोन आठवड्यांत सगळं आटोपलं.

काम म्हणजे संत्र्याच्या वखारींतल्या बायकांची संघटना. पांढुर्णा आणि सौंसरच्या वखारींत वर्षातून दोनदा, मृग बहाराचं आणि आंबिया बहाराचं फळ उतरलं की, बायका संत्री निवडायच्या, तणस म्हणजे भाताचा पेंढा घालून लाकडी पेट्या भरायच्या. पुरुषांएवढंच काम, मजुरी निम्मी. शिवाय वखारीत पाण्याचे दोन घडे. एक तेली-कुणब्यांच्या बायकांचा, एक बौद्ध बायकांचा. गुणवंता आणि शोभानं अर्ज केले, छिंदवाड्याला चकरा मारल्या, मोर्चे नेले. मजुरी थोडी वाढली. घडे दोनचे दोनच राहिले.

दिल्लीहून उर्मिलाबाई आल्या होत्या, मूळच्या पुण्याच्या, आणि त्यांच्यासोबत एक निवृत्त प्राध्यापक. विहारात बायका जमल्या. बायकाच बोलल्या, मालतीबाई सगळ्यांत जास्त. शोभा भिंतीला टेकून बसली होती. शेवटी उर्मिलाबाईंनी तिला हळूच विचारलं, "तुमच्यावर एवढा मोठा प्रसंग आलाय. अशात हे वर्ष झेपेल तुम्हाला?"

"झेपेल."

"मनात काय येतं तुमच्या?"

शोभानं विचार केला. प्रश्न साधा होता आणि तिला खोटं बोलायचं नव्हतं. "काही नाही येत," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी मान हलवली आणि उर्मिलाबाईंकडे पाहिलं. पुढे दिल्लीत उर्मिलाबाईंनीच तिला सांगितलं की निवड त्या उत्तरावर झाली. एवढं होऊनही बाई किती स्थिर आहे, असं त्यांना वाटलं होतं.

निवडीचा फोन वसंतरावांकडे आला. ते स्कूटरवरून पेढे घेऊन तिगावात आले. शोभानं पेढा खाल्ला, गोड आहे म्हणाली.

संघटनेत तिच्या खालोखाल उषा होती. पांढुर्ण्याची, कुणब्याची, तिशीतली. नवरा दिलीप मंडीत हमाल. गुणवंतानंच तिला सभांत बोलायला शिकवलं होतं. शोभा निघायच्या आदल्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "ताई, मी एकटी कशी सांभाळू?"

"सांभाळशीन," शोभा म्हणाली. आपण हे उषाला धीर द्यायला बोलतो आहोत की बोलणं संपवायला, हे तिला स्वतःलाही कळलं नाही.

मालतीबाई मात्र शोभाला घालवायलाच टपली होती. ती गुणवंताची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकल्यापासून भावाकडे राहायची, वखारीत पेट्या भरायची, आणि ज्या भावाला तिनं कडेवर वागवलं होतं त्याच्या अंत्ययात्रेत ती एवढी रडली होती की तिचा आवाज आठवडाभर बसला होता. शोभाच्या डोळ्यांतून तेव्हा टिपूस निघालं नव्हतं. लोक कुजबुजले. मालतीबाईनं त्यांना गप्प केलं.

"जाय तू," ती म्हणाली. "इथं राहून भिंतीकडंच पाहत बसशीन. तिथल्या भिंती तरी नव्या असतीन."

दिल्लीत शोभा झोपली. तिच्या त्या वर्षाबद्दल खरं सांगायचं तर पहिलं हेच सांगावं लागेल. वसतिगृहात तिला एक खोली होती, खिडकीखाली कडुनिंब होता, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणी दार वाजवून "शोभाताई, ठाण्यात चला" म्हणत नव्हतं. सकाळी व्याख्यानं असायची, हिंदीत आणि इंग्रजीत. इंग्रजीचं हिंदी करून सांगायला एक मुलगी होती. बाकीचे फेलो बिहारचे, आंध्रचे, राजस्थानचे. कोणी खाणकामगारांत, कोणी विडी कामगारांत आयुष्य घातलेलं. ते जेवताना भांडायचे, हसायचे, रात्री गाणी म्हणायचे. त्यांना शोभा आवडायची, कारण ती ऐकून घ्यायची. ती ऐकत नसायची, फक्त त्यांच्याकडे तोंड करून बसायची. संधी मिळाली की खोलीत जाऊन पडायची, आणि डोळा लागायचा तो दिवस कलेपर्यंत.

तिला राजस्थानात नेलं, बिहारात नेलं. दगडखाणी दाखवल्या, विहिरी दाखवल्या. एका गावात पाण्यावरून घर जाळलेल्या बाईनं तिचा हात धरून सगळं सांगितलं. बाई रडली, सोबतचे रडले. शोभानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हे कोणीतरी दुसरंच करत आहे आणि आपण बाजूला उभं राहून पाहत आहोत असं तिला वाटलं. संध्याकाळी पोटभर जेवली. आपण दुष्ट झालो की काय, असा विचार एकदा येऊन गेला. त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

मार्चमध्ये वसंतरावांचा ट्रंक कॉल आला. लाइन खरखरत होती आणि ते ओरडून बोलत होते. "शोभाबाई, मृगाचा माल निघाला. विनायकसेठच्या वखारीत बायका काम टाकून बसून गेल्या. पुरुषांबरोबर मजुरी पाह्यजे म्हणतात, अन् घडा एकच पाह्यजे म्हणतात. माल भरून पडला आहे, ट्रक उभे आहेत. उषा म्हणते ताईले पाठवा."

"हो," शोभा म्हणाली.

उर्मिलाबाईंनी धावपळ करून त्याच दिवसाचं तिकीट काढलं. शोभानं पिशवी भरली, चपला घातल्या आणि पलंगावर बसली. स्टेशनवर सोडायला गाडी आली. खालून हाक आली. ऊठ, असं ती स्वतःला म्हणाली. पाय ठीक होते, दुखत-खुपत काही नव्हतं. वखारीचं चित्र तिनं मुद्दाम डोळ्यांपुढे आणलं. पत्रे तापलेले, तणसाची धूळ, बायका पेट्यांना टेकून बसलेल्या, मधे उषा. सगळं दिसलं. पण दुसऱ्याच्या घरचा फोटो पाहावा तसं दिसलं. उर्मिलाबाई वर आल्या तेव्हा ती चपला काढत होती.

"मी नाही जात," ती म्हणाली.

उर्मिलाबाई पलंगावर तिच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलं मला. त्यांनी स्वतः लढावं, असं तुम्हाला वाटतं. मला नसतं जमलं हे." शोभानं चपला पलंगाखाली सरकवल्या. त्या गेल्यावर तिनं पिशवीतली लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली.

एप्रिलच्या अखेरीस, गुणवंताचा वर्षाचा कार्यक्रम जवळ आला म्हणून, ती काही दिवसांसाठी घरी आली. पॅसेंजर तिगावला थांबली. ती उतरली तर फलाटावर मालतीबाई. डोक्यावर टोपली, कमरेला पदर खोचलेला, डब्याच्या खिडकी-खिडकीशी जाऊन "संत्रे, मोसमातले शेवटचे संत्रे" म्हणत होती. शोभाला पाहून तिनं मान हलवली, पण धंदा सोडला नाही. गाडी हलल्यावरच जवळ आली.

"वखारीत नाही गेल्या, अक्काजी?"

"वखार सुटली माही. चाल, रस्त्यानं सांगतो."

आणि तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी सेठ हसला होता. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पेट्यांतली संत्री मऊ पडायला लागली, वास सुटला, आणि सेठचं हसू गेलं. त्याच्या मुनीमानं तेली-कुणब्यांच्या बायकांना बाजूला घेतलं. तुम्ही उठा, तुम्हाले वेगळं वाढवून देतो, या बौद्धाच्या बायकांच्या नादी कायले लागता, म्हणाला. एकही उठली नाही. मग मुनीम चवताळला. त्यानं येऊन बौद्ध बायकांच्या घड्याला लाथ घातली. घडा फुटला, पाणी तणसात जिरलं.

"मंग माह्या हाती पेटीची पट्टी लागली," मालतीबाई म्हणाली. "दिली त्याच्या दंडावर. खिळा होता पट्टीले. रगत आलं."

"अन् मंग?"

"मंग उषा उठली. दुसरा घडा उचलला, बायकांच्या मधात आणून ठेवला. म्हणे, आता हाच आहे, ज्याले तहान लागली त्यानं प्यावं. तिनं आधी मले देल्लं. माह्या हातचा गिलास घेऊन मंग स्वतः प्याली. बाकीच्या पाहत राहिल्या. पण ऊन का कोणाची जात पाह्यते? संध्याकाळपावतर साऱ्या प्याल्या. दोघी-तिघी घरी जाऊन मार खाल्ल्या त्यापायी. दुसऱ्या दिवशी वापस आल्या."

तिसऱ्या दिवशी सेठ नमला होता. मजुरी पुरुषांबरोबर, आणि वखारीत सगळ्यांना एक नळ. पण त्याचीही एक अट होती. मालतीबाईनं पुन्हा वखारीत पाय ठेवायचा नाही, पांढुर्ण्यातल्या कोणत्याच वखारीत नाही. आणि उषानं ते कबूल केलं होतं.

शोभा चालता चालता थांबली. "तुम्हाले विचारलं तिनं?"

"विचारलं ना. मीच म्हटलं, कर कबूल. तू असती तं नसतं केलं. गुणवंता असता तं त्यानंही नसतं केलं. तुमी दोघं तत्त्वाचे माणसं. आपण अजून तिथंच बसलो असतो, अन् संत्र्यासंगं आपणही सडलो असतो." टोपली तिनं डोक्यावरून काखेत घेतली. "पण तू आली पाह्यजे होती, शोभा. जिंकाले नाही. नुसती आली पाह्यजे होती."

दुसऱ्या दिवशी शोभा पांढुर्ण्याला उषाकडे गेली. उषा ज्वारी पाखडत होती. उठली नाही, पण पाट सरकवला.

"मी रोज स्टेशनवर जाऊन पाहत होती, ताई," ती म्हणाली. "दिल्लीची गाडी आली की जायची. वकीलसाहेब म्हणे तिकीट काढलं आहे. तब्येत बिघडली होती का तुमची?"

"नाही. बरी होती."

"मंग?"

"निघाली नाही मी."

सुपाचा आवाज थांबला. उषानं ज्वारीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "अक्काजीचं मी कबूल केलं," ती म्हणाली. "माह्या तोंडानं केलं. तुम्ही म्हणान तं आताही मोडतो फैसला. बायका तयार आहेत."

शोभानं स्वतःच्या आत राग शोधला. तो असायला हवा होता. ज्या नणंदेनं तिला गुणवंता गेल्यावर सांभाळलं, तिचं पोट या पोरीनं सौद्यात घातलं होतं. पण रिकाम्या कोठीत हात घालून चाचपडावं आणि दाणा लागू नये, तसं झालं. "मोडू नको," ती म्हणाली. "चांगलं केलं तू."

उषा रडायला लागली. "एवढंच? मले वाटलं तुम्ही माराल मले. शिव्या तरी द्यायच्या होत्या, ताई. मी महिनाभर त्या शिव्यांसाठी थांबली."

शोभानं सूप ओढलं आणि उरलेली ज्वारी पाखडून दिली.

जूनमध्ये दिल्लीत फेलोशिपचा समारोप झाला. प्रत्येकानं वर्षात काय मिळवलं ते सांगायचं होतं. शोभानं वखारीची गोष्ट सांगितली, जशी मालतीबाईनं सांगितली तशीच. शेवटी म्हणाली, "यातलं मी काहीच केलं नाही. मला बोलावलं होतं, मी गेली नाही. मला काही वाटतच नव्हतं, म्हणून गेली नाही." दुभाषी मुलीनं त्याचं इंग्रजी केलं. ते काय केलं कोण जाणे, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. जेवताना प्राध्यापक म्हणाले की पुढाऱ्यानं बाजूला कसं व्हावं हे या वर्षी फक्त सोमकुवरबाईंना कळलं. शोभानं आपल्या ताटातला भात खाल्ला. आपल्याला जे जडलं आहे ते या माणसांना गुण वाटतं, आणि ते समजावून सांगायला लागेल एवढी ताकद आपल्यात नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

ती घरी आली. वर्षभर संघटना सांभाळणारी उषाच अध्यक्ष राहू दे, असं तिनं सांगितलं, आणि कोणी फार आग्रह केला नाही. बैठकीत ती मागे बसायची. कोणाला सौंसरच्या दवाखान्यात न्यायचं असलं तर न्यायची, मोहगावला निरोप द्यायचा असला तर द्यायची. आंबियाचा माल निघाला तेव्हा एकदा, कोणाला न सांगता, विनायकसेठकडे गेली. सेठनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. नळाकडे बोट करून म्हणाला, पाहा बाई, बोललो ते केलं.

"मालतीबाईले परत घ्या," शोभा म्हणाली.

"मुनीमाची माफी मागू द्या, उद्या घेतो."

तिनं घरी येऊन ते सांगितलं. मालतीबाई टोपलीत संत्री रचत होती. "घडा त्यानं फोडला अन् माफी मी मागू?" ती म्हणाली. "राहू दे. गाडीवर बरं आहे. साऱ्या देशाचे लोक पाहाले भेटतात."

पण गाडीवरचं काम पोरीबाळींचं होतं आणि मालतीबाईची साठी जवळ आली होती. शोभा मग तिच्यासोबत तिगावच्या फलाटावर जाऊ लागली. डिसेंबरातली ती सकाळ. पॅसेंजर सुटली, आणि एका गिऱ्हाइकानं दारातून टोपली आत घेतली ती परत देईना. गाडीबरोबर मालतीबाई पळायला लागली. शोभानं पाहिलं, ती अडखळली आणि फलाटाच्या अगदी कडेशी आडवी पडली. डबे तिच्यापासून हातभर अंतरावरून जात राहिले. दारातून कोणीतरी टोपली फेकली. संत्री फलाटभर झाली.

शोभा धावली. तिनं मालतीबाईला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं, आणि ओढता ओढता ती ओरडत होती. "टोपलीसाठी जीव देता का? एका टोपलीसाठी? अकला गहाण ठेवल्या का तुम्ही? तो गेला तसे तुम्हीही जा, मी बसतो एकटी भिंती पाहत." आवाज एवढा चढला होता की स्टेशनमास्तर बाहेर आले. तिचं तोंड थांबेना. उषाचं नाव आलं, सेठचं आलं, गुणवंताचंही आलं, डॉक्टरकडे वेळेवर न गेल्याबद्दल.

मालतीबाई खाली बसून गुडघ्यावरची खडी झाडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "झालं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग बोल. दुसऱ्या गाडीले टाइम आहे."

शोभा खाली वाकून संत्री गोळा करायला लागली. फुटलेली वेगळी ठेवली. ती दोघींनी तिथंच सोलून खाल्ली.

त्या आठवड्यात विहारात बैठक होती. सौंसरच्या वखारींत आता कसं शिरायचं, हा प्रश्न होता. आधी बहार संपू द्यावा, मग बोलावं, असं उषाचं मत पडलं. शोभा पहिल्यांदाच मधे बोलली. आत्ताच जायला पाहिजे, माल झाडावर असताना, म्हणाली. कारणंही दिली. उषानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बायकांना विचारलं, आणि मानलं नाही. बायकाही उषाच्याच बाजूनं गेल्या. विषय पुढे सरकला.

शोभाला वाईट वाटलं. घरी जाताना वाटेभर वाटत राहिलं, आणि जेवतानाही.